न तपासलेलं वटवाघूळ निर्दोष ठरत नाही

कोविडनंतर वटवाघळांची बाजू घेणारे वाढले, ही चांगलीच गोष्ट झाली. एप्रिल २०२० मध्ये दक्षिण आशियातल्या साठाहून अधिक वटवाघूळ-अभ्यासकांनी एकत्र येऊन या प्राण्यांवर साथीचं खापर फोडू नका असं आवाहन केलं. त्या वेळी जुन्या इमारतींतल्या पाकोळ्या हाकला, वाघळं लटकतात ती झाडं तोडा, असा धोशा लोकांनी लावला होता, त्यामुळे ते आवाहन गरजेचंच होतं. पण त्याच्या आडोशाला आता एक वेगळी मागणी मूळ धरू लागली आहे, आणि ती करणारे बहुतेक माझे स्नेहीच आहेत. वटवाघळांत जंतू शोधणं थांबवा, असं ते म्हणतात. रक्त काढू नका, लघवी गोळा करू नका, जाळी लावू नका. शोधाल तर सापडणारच, सापडलं की बातमी होणार, आणि बातमी झाली की कोणीतरी गुहेच्या तोंडाशी टायर पेटवणार.

या साखळीतली शेवटची कडी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. धूर करून, फटाके लावून वाघळं उठवण्याचे प्रकार आपल्याकडे होतात. माझं भांडण निष्कर्षाशी आहे. तपासणी बंद केल्याने वटवाघळावरचा संशय जात नाही, तो फक्त कायम राहतो. ज्याची चौकशीच झाली नाही त्याला गाव निर्दोष मानत नाही. आणि उष्ण प्रदेशातल्या रानटी वटवाघळांवर जीवाणूंच्या संदर्भात जे काम झालं आहे, ते नीट वाचलं तर दिसतं की या प्राण्याची सगळ्यात भक्कम वकिली प्रयोगशाळेनेच केली आहे.

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला, रियुनियन नावाचं फ्रेंच बेट आहे. डोंगराळ, पावसाळी, उसाची शेती असलेलं. कोकणात पावसाळ्यात लेप्टो जसा ठरलेला, तसाच तिथेही. त्या बेटावर एक छोटं, किडे खाणारं वटवाघूळ राहतं, मॉर्मोप्टेरस फ्रान्स्वामुटुई. जगात दुसरीकडे ते कुठेही नाही. विणीच्या काळात त्याच्या माद्या हजारोंच्या संख्येने एकाच गुहेत जमतात. संशोधकांनी अशा एका गुहेवर विणीचा हंगामभर लक्ष ठेवून पुन्हापुन्हा नमुने घेतले आणि २०१५ मध्ये निष्कर्ष छापले. लेप्टोस्पायरा, म्हणजे लेप्टोचा जीवाणू, सापडला. नुसता सापडला नाही, तर त्याचं प्रमाण दोनदा चढलं: एकदा गाभण माद्यांची गर्दी जमत असताना आणि दुसऱ्यांदा पिल्लं जन्मल्यावर साधारण दोन महिन्यांनी. या दुसऱ्या चढाचं एक संभाव्य कारण म्हणजे आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरली की पिल्लांना लागण होते.

माझ्या स्नेह्यांचा सल्ला मानायचा तर हे काम सुरूच व्हायला नको होतं. आणि त्यांची भीती खरी मानायची तर या टप्प्यावर बेटावरच्या लोकांनी गुहेला आग लावायला हवी होती. लेप्टोचा जंतू मूत्रपिंडात वाढतो, लघवीतून बाहेर पडतो, चिखलपाण्यातून माणसाच्या जखमेत शिरतो, आणि इथे तर हजारो प्राणी एका छताखाली लघवी करत आहेत. यापेक्षा सोयीचा आरोपी कुठून आणायचा?

काम मात्र तिथे थांबलं नाही. बेटावरच्या रुग्णांमध्ये कोणता लेप्टोस्पायरा आहे आणि उंदीर, कुत्रे, मांजरं, चिचुंदऱ्या, टेनरेक नावाचे छोटे सस्तन प्राणी, वटवाघळं यांच्यात कोणता, हे जनुकांच्या पातळीवर ताडून पाहिलं गेलं. २०१६ मध्ये आलेलं चित्र असं होतं: माणसांमधला जंतू मुख्यतः लेप्टोस्पायरा इंटेरोगन्स, आणि तो उंदरांमधल्याशी जुळणारा. वटवाघळांमधला जंतू लेप्टोस्पायरा बोर्गपीटर्सनीच्या कुळातला, पण स्वतःचा वेगळा वंश असलेला, आणि रुग्णांमध्ये न आढळलेला. थोडक्यात, बोट पुन्हा उंदरांकडेच गेलं. वटवाघळाची ही सुटका कुठल्या निवेदनाने किंवा भिंतीवरच्या पोस्टरने केलेली नाही. लघवीच्या थेंबांनी केली आहे. नमुने नसते तर आज त्या बेटावर 'वटवाघळांचंही काहीतरी असणार' एवढं वाक्य उरलं असतं, आणि अशा वाक्याला पुरावा लागत नाही म्हणूनच ते मरत नाही.

'शोधाल तर सापडणारच' हे वाक्य ऐकायला शहाणपणाचं वाटतं. ते अर्धवट आहे. पेरूतल्या अमेझॉन खोऱ्यात इक्विटोसच्या परिसरात शेकडो वटवाघळांच्या मूत्रपिंडांत लेप्टोस्पायरा शोधला गेला, तेव्हा तो अगदी मोजक्या प्राण्यांत निघाला, बाकी सगळे कोरे. उलट बार्टोनेला नावाचा जीवाणू घ्या. केनियातल्या वटवाघळांच्या रक्तातून तो वाढवल्याचं काम २०१० मध्ये छापून आलं, आणि फळं खाणाऱ्यांपासून किडे खाणाऱ्यांपर्यंत निरनिराळ्या गटांत तो मिळाला. पेरू आणि बेलीझमधल्या रक्तपिपासू वटवाघळांवरच्या २०१८ च्या कामात तर जवळजवळ दोन-तृतीयांश प्राण्यांत लागण दिसली. म्हणजे एक जंतू विरळा, दुसरा घरचाच. सापडण्याचं प्रमाण हीच माहिती आहे. ती आधीपासून ठाऊक असल्यासारखं बोलणं म्हणजे प्रयोग न करता निकाल लावणं.

आणि दोन-तृतीयांश म्हणजे काय, हेही पाहू. निम्म्याहून अधिक वसाहत आजारी असती तर ती वसाहत टिकली नसती. बार्टोनेला तांबड्या रक्तपेशींत मुक्काम करतो, दीर्घकाळ राहतो, आणि वटवाघूळ रात्री बाहेर पडून पोट भरून परत येतं. पीसीआर पॉझिटिव्ह असणं आणि आजारी असणं यांतला फरक कोविडने आपल्याला घरोघरी शिकवला. शेजारच्या काकांनी सीटी व्हॅल्यू विचारावी इतका शिकवला. वटवाघळाची पाळी आली की तो धडा आपण का विसरतो? पीसीआर जंतूच्या जनुकाचा एक तुकडा दाखवतो. जंतू जिवंत आहे का, हे कळायला तो वाढवावा लागतो, आणि बार्टोनेला रक्त घातलेल्या माध्यमावर आठवडेच्या आठवडे घेतो. लेप्टोस्पायरा तर महिनेही लावतो. तो बाहेर कुठून पडतो हा पुढचा प्रश्न. त्या रक्तपिपासू वटवाघळांच्या लाळेत आणि विष्ठेतही बार्टोनेलाचा डीएनए मिळाला, म्हणजे चाव्यातून संसर्ग होण्याची शक्यता विचारात घ्यावी लागते. पण मिळालेला डीएनए जिवंत जंतूचा आहे असं त्यावरून सिद्ध होत नाही. अंगावरच्या माश्यांचंही तेच. वटवाघळांवर बिनपंखी, कोळ्यासारख्या दिसणाऱ्या रक्तशोषक माश्या असतात. अशा माशीच्या पोटात बार्टोनेला निघाला तर तिने तो पसरवला असं ठरत नाही, तिने पॉझिटिव्ह प्राण्याचं रक्त प्यायलं एवढंच ठरतं.

इथे विरोधकांच्या बाजूचा एक जोरदार मुद्दा आहे. त्यांनी तो मांडला नाही, म्हणून मीच मांडतो. जीवाणूंची तपासणी ही विषाणूंच्या तपासणीपेक्षा एका बाबतीत जास्त फसवी असते, कारण जीवाणू सगळीकडे असतात: संशोधकाच्या बोटांवर, हवेत, आणि ज्या किटने डीएनए वेगळा काढायचा त्या किटमध्येसुद्धा. २०१४ मध्ये काही संशोधकांनी एक साधा आणि निर्दय प्रयोग केला. त्यांनी साल्मोनेला बोंगोरी या एकाच जीवाणूचं शुद्ध कल्चर घेतलं, ते दहापट पातळ केलं, मग त्यातून आणखी दहापट, असं करत नेलं, आणि प्रत्येक पायरीवर सगळे जीवाणू ओळखणारी चाचणी चालवली. नमुना जसजसा पातळ झाला तसतशी साल्मोनेला मागे पडली आणि भलत्याच जीवाणूंची नावं वर आली. ते सगळे रसायनांतून आणि प्रयोगशाळेतून आलेले होते. वटवाघळाच्या रक्ताचा नमुना असाच असतो: एखादा थेंब, त्यात जीवाणू असले तर थोडेच. म्हणून प्रत्येक खेपेला काही नळ्यांत रक्त न घालता नुसती रसायनं घालून तीच सगळी प्रक्रिया करावी लागते. ती रिकामी नळी पॉझिटिव्ह आली तर त्या खेपेचे सगळे निकाल संशयास्पद. मी एखाद्या शोधनिबंधात आधी ही रिकामी नळी शोधतो. ती नसेल तर पुढची वीस जीवाणूंची यादी मला बाजाराच्या यादीइतकीच वाटते.

पण यावरून 'तपासू नका' असं निघत नाही, 'नीट तपासा' असं निघतं. या दोन वाक्यांमधलं अंतर माझे स्नेही सतत पुसून टाकतात.

प्राण्याला त्रास होतो, हा त्यांचा आक्षेप मी हलका मानत नाही. फार वर्षांपूर्वी नाही, वटवाघळं मारून त्यांचे अवयव काढणं ही सर्रास पद्धत होती, विशेषतः लेप्टोस्पायरासाठी, कारण तो मूत्रपिंडात असतो. आता बहुतेक ठिकाणी काम कसं चालतं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. अंधार पडायच्या आत बांबूला किंवा खांबांना बारीक धाग्याचं मिस्ट नेट ताणतात. प्राणी अडकला की त्याला मिनिटांत सोडवावं लागतं, कारण तो धागा चावतो, पिळवटतो, पंखांचं पातळ कातडं फाटू शकतं. मग सुती पिशवी, पिशवीसकट वजन, हातमोजे आणि मास्क. पंख हलक्या हाताने उलगडला की पुढच्या कडेलगत एक निळसर शीर दिसते. तिथे सुईचं टोक टेकवतात, सिरिंज लावत नाहीत. शिरेवर लाल मणी फुगतो, तो काचेच्या केसाएवढ्या नळीत आपोआप चढतो. शरीराच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आत रक्त घ्यायचं असा सर्वसाधारण दंडक आहे. पाच ग्रॅमच्या पाकोळीसाठी ते पन्नास मायक्रोलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब. त्यातला काही भाग रसायन लावलेल्या जाड कागदावर टिपला की तो वाळतो आणि फ्रीजशिवाय जंगलातून बाहेर नेता येतो. कापसाने शीर दाबून धरायची, रक्त थांबलं याची खात्री करायची, थोडं साखरपाणी पाजायचं, सोडायचं. लघवीसाठी कित्येकदा प्राण्याला हातही लावावा लागत नाही, झाडाखाली किंवा गुहेत प्लास्टिकचं कापड अंथरलं की पुरतं.

यात चुका होतात. गाभण मादीला रात्रभर पिशवीत ठेवणारी पथकं मला माहीत आहेत असं मी म्हणणार नाही, पण तसं होऊ शकतं हे कोणीही जाणकार कबूल करेल. त्यासाठी नियम आहेत, परवाने आहेत, पशुवैद्य आहेत. कोणाला तिथे जास्त कडकपणा हवा असेल तर मी त्याच्याबरोबर आहे. पण त्रासाचा हिशेब करायचाच तर दुसरी बाजूही मांडावी लागते. पंखावर एक टोचणी एका पारड्यात, आणि दुसऱ्या पारड्यात युगांडातली किटाका खाण.

ते प्रकरण जीवाणूचं नाही, मारबर्ग विषाणूचं आहे, पण भीतीला जात विचारता येत नाही. २००७ मध्ये किटाका खाणीतल्या कामगारांना मारबर्ग झाला. खाणीत इजिप्शियन फलवाघळं राहत होती. २००८ मध्ये खाणवाल्यांनी वटवाघळांचा तिथून नायनाट केला. २०१२ मध्ये तिथून साधारण वीस किलोमीटरवर, इबांडा भागात, पुन्हा मारबर्गची साथ आली. खाणीत तोवर वटवाघळं परतली होती, आणि आधी जिथे सुमारे पाच टक्के प्राण्यांत विषाणू होता, तिथे आता तो तेरा टक्क्यांच्या वर गेला होता. जुन्या, रोगातून गेलेल्या प्राण्यांच्या जागी नवे, प्रतिकारशक्ती नसलेले प्राणी आले की असं होतं. वटवाघळं मारणं माणसासाठीही घातक आहे, याचा हा सगळ्यात चांगला पुरावा. आणि तो कसा मिळाला? मारण्याआधी आणि मारल्यानंतर नमुने घेतले होते म्हणून. माझे स्नेही हे उदाहरण भाषणांत हमखास देतात. ते कुठल्या कामातून आलं हे मात्र सांगत नाहीत.

आता बातम्यांकडे येऊ, कारण खरी दुखरी जागा तीच आहे. जून २०२१ मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांत निपाहचे अंश सापडल्याची बातमी आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये नमुने घेतले होते. कोविडची दुसरी लाट नुकतीच ओसरत होती, लोक धास्तावलेले होते, आणि मथळे पाहून वाटावं की विषाणू पाचगणीच्या बाजारात उतरला. महाराष्ट्रात माणसांत निपाहची साथ कधी आलेली नाही, हे कित्येक बातम्यांत शेवटच्या परिच्छेदात होतं किंवा नव्हतंच. याचा राग मलाही आला. पण राग संस्थेवर काढायचा की मथळा लिहिणाऱ्यावर? त्या गुहेत काय आहे हे कळलं, म्हणून पर्यटकांना आत जाऊ नका, खाली पडलेली कुरतडलेली फळं खाऊ नका, एवढं नेमकं सांगता येतं. कळलं नसतं तर सांगायला काहीच नव्हतं, आणि केरळात निपाहची पुढची साथ आली की इथल्या वाघळांवर तरीही दगड पडले असते.

सिंधुदुर्गातल्या वाचकाला हे वेगळं समजावायला नको. दोडामार्ग भागात २०१६ च्या सुमारास माकडताप पसरला. त्याच्या आदल्याच वर्षी पलीकडे गोव्यात सत्तरीतल्या पाळी गावात तो आला होता. हा रोग गोचिडांमधून येतो, आणि माकडं त्याने स्वतःच मरतात. म्हणूनच मेलेलं माकड दिसलं की कळवा, असं तिथे सांगितलं जातं, त्या मृत माकडाची आणि आसपासच्या गोचिडांची तपासणी होते, आणि कोणत्या वाडीला आधी अंगाला लावायचं तेल पोचवायचं ते त्यावरून ठरवता येतं. माकडांची बदनामी होते म्हणून ही तपासणी थांबवा, असं म्हणणारा कोणी मला तिथे भेटलेला नाही.

वटवाघळांपासून माणसाला जीवाणू लागतच नाहीत, असं मी म्हणत नाही, आणि म्हणणारही नाही. माझी बाजू सोयीच्या निकालांवर उभी नाही. नैर्ऋत्य नायजेरियात इदान्रेच्या डोंगरातल्या गुहेत दरवर्षी उत्सव असतो, लोक आत शिरून फलवाघळं पकडतात. त्या वाघळांत एक नवा बार्टोनेला मिळाला, त्याला बार्टोनेला रूसेटी असं नाव दिलं गेलं, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामानुसार तिथल्या काही माणसांच्या रक्तात त्याच जंतूविरुद्धची प्रतिपिंडं आढळली. म्हणजे संपर्क झाला होता. त्यांच्यापैकी कोणी त्याने आजारी पडला असं त्यातून सिद्ध होत नाही, पण नजर ठेवायला हवी हे सिद्ध होतं. हा निकाल दडवून वटवाघळांचं भलं होईल असं कोणाला वाटत असेल, तर त्याने उत्सवाला जाणाऱ्या तरुणाच्या जागी उभं राहून पाहावं. त्याला हातमोजे घाल, चावा लागला तर जखम धू, ताप रेंगाळला तर डॉक्टरला गुहेचं सांग, एवढं सांगता येणं ही मोठी गोष्ट आहे. आणि ते सांगणारा माणूस गुहा जाळा असं सांगणाऱ्यापेक्षा जास्त ऐकला जातो, कारण त्याच्याकडे माहिती असते.

उलट्या दिशेचंही आहे. ऑस्ट्रेलियात राखाडी डोक्याच्या फलवाघळांमध्ये प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंची जनुकं तपासली गेली, तेव्हा ती रानातल्यांपेक्षा माणसांच्या देखभालीत असलेल्या जखमी प्राण्यांत कितीतरी जास्त निघाली. इथे दूषित करणारे आपण आहोत. वटवाघळाला वाचवायला घरी आणणाऱ्या प्रेमळ माणसांनीच हे वाचायला हवं, आणि तपासणी नको म्हणणाऱ्यांत असे बरेच आहेत.

एक आक्षेप उरतो: या तपासणीवरचा पैसा सरळ रुग्णालयांना द्या. तो थोडक्यात संपतो. लेप्टोवर डॉक्सिसायक्लिनसारखं स्वस्त औषध आहे, अट एवढीच की डॉक्टरच्या मनात तो वेळेत यायला हवा. बार्टोनेला तर नेहमीच्या ब्लड कल्चरमध्ये सहसा उगवतच नाही, आणि हृदयाच्या झडपेचा संसर्ग असून कल्चर कोरं येण्याचं ते एक जाणतं कारण आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका रुग्णाच्या झडपेत २०१० मध्ये असा एक अनोळखी बार्टोनेला वर्णिला गेला. तो कुठला, याचा धागा २०१४ मध्ये फिनलंडच्या वटवाघळांपाशी मिळाला. रानातला नमुना आणि वॉर्डातला रुग्ण यांचे दोन वेगळे खर्च मांडणाऱ्याने हे प्रकरण एकदा वाचावं.

तेव्हा मित्रहो, मागणी बदला. जिथे लघवीने भागतं तिथे मूत्रपिंडासाठी प्राणी मारणारं पथक असेल, विणीच्या गुहेत माद्यांच्या गर्दीत विनाकारण जाळी लावणारं असेल, रिकामी नळी न चालवणारं असेल, जनुकांचा वंश ताडून न पाहताच पत्रकार परिषद घेणारं असेल, तर त्याच्या परवान्यावर हरकत घ्या. वनखात्याला द्यायच्या त्या निवेदनावर माझीही सही घ्या.